सात कोरड्या बोअर: टेक्ससमधल्या सेलाह रँचचं प्रकरण

पाण्यासाठी त्यांनी एकामागून एक सात बोअर मारल्या. प्रत्येक पाचशे फूट. सातही कोरड्या गेल्या. आपल्याकडे असं झालं की माणूस पाणाड्या बदलतो, नाहीतर कर्ज काढून आणखी दोनशे फूट खाली जातो. जे. डेव्हिड बॅम्बर्गर यांनी खाली जाणं सोडलं आणि जमिनीच्या पाठीवर काय उगवतंय, काय उगवत नाही, हे बघायला घेतलं.

ही जमीन अमेरिकेत, टेक्सस राज्याच्या ब्लँको काउंटीत आहे. जॉन्सन सिटी या गावाच्या दक्षिणेला, ऑस्टिनहून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. १९६९ साली बॅम्बर्गर यांनी ती घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिचा विस्तार ५,५०० एकरांपर्यंत गेला. नाव ठेवलं ‘सेलाह’. बायबलमधल्या स्तोत्रांत येणारा हा शब्द. थांब आणि विचार कर, असा त्याचा अर्थ लावतात. माणूस मूळचा ओहायोचा. आधी दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकणारा, मग ‘चर्चेस’ या तळलेल्या चिकनच्या दुकानांच्या साखळीत पैसा कमावलेला. हा पैसा या प्रकरणात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे. तूर्त एवढंच, की त्यांनी मुद्दाम त्या भागातली सर्वांत टाकाऊ जमीन शोधून घेतली. बिघडलेली जमीन दुरुस्त होते का, हेच त्यांना करून बघायचं होतं. ओहायोत लहानपणी त्यांच्यावर लुई ब्रॉमफिल्ड या शेतकरी-लेखकाच्या ‘मलबार फार्म’चा प्रभाव पडला होता. झिजलेल्या शेतांत माती परत उभी करण्याचे प्रयोग तिथे चालायचे. त्या फार्मचं नाव आपल्याकडच्या मलबारवरून आलेलं.

आता जमीन कशी होती ते. या भागाला हिल कंट्री म्हणतात. चुनखडीचे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर आणि त्यावर जेमतेम वीतभर माती. वर्षाचा पाऊस साधारण ७५ ते ८५ सेंटीमीटर, म्हणजे आकडा पुण्याच्या आसपासचा; पण आपल्यासारखे ठरलेले चार महिने नाहीत. महिनोन्‌महिने काही नाही आणि मग एका रात्रीत डोंगर धुऊन नेणारा लोंढा. एकोणिसाव्या शतकात गोरे वसाहतवाले आले तेव्हा इथे कमरेपर्यंत गवत आणि त्यात ओकची झाडं अशी कुरणं होती. त्यांनी गाई, मेंढ्या, अंगोरा शेळ्या सोडल्या. कुंपणं घातली. अधूनमधून लागणारे वणवे विझवले. दोन-तीन पिढ्यांत गवत संपलं, गवत गेल्यावर माती गेली, आणि उघड्या खडकावर अ‍ॅश जुनिपर पसरला. तिथले लोक त्याला सीडर म्हणतात. सदाहरित, दाट, खालपासून फांद्या असलेलं झाड. त्याच्याखाली काही उगवत नाही आणि त्याला सहसा कोणी खात नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

बॅम्बर्गर यांनी या सीडरवर बुलडोझर चालवला.

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या गोष्टी वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला इथे धक्का बसतो. आपल्या डोक्यात पाणलोटाचं काम म्हणजे कुऱ्हाडबंदी. इथे तर कुऱ्हाड हाच उपचार! पण चराईबंदीचं तत्त्व दोन्हीकडे एकच होतं, आणि माझ्या मते खरं काम तिनंच केलं. सीडर काढून मोकळ्या झालेल्या जागेवर गुरं लगेच सोडली नाहीत. तिथे मूळच्या गवतांचं बी फेकलं: लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, साइडओट्स ग्रामा, स्विचग्रास. ही सगळी बहुवर्षायू, झुबके करून वाढणारी गवतं. लिटल ब्लूस्टेम वर गुडघ्या-मांडीएवढं दिसतं, पण त्याच्या मुळ्या खडकाच्या भेगांतून दीड-दोन मीटर आणि जमीन मिळाली तर त्याहूनही खोल जातात. मूळ दरवर्षी थोडं मरतं, त्याची जागा पोकळ राहते, पाणी त्या पोकळीतून खाली जातं. समपातळी चर खणून आपण जे करतो, ते इथे लाखो बारीक नळ्यांनी होतं.

पहिला झरा वाहायला सुमारे अडीच वर्षं लागली. मग आणखी झरे आले. आज रँचवरच्या घरांना झऱ्याचं पाणी पुरतं, आणि उरलेलं मिलर क्रीक या ओढ्यातून पेडर्नॅलिस नदीत व तिथून ऑस्टिनच्या दिशेनं जातं. सुरुवातीला एका गायीला चाळीसेक एकर लागायचे, ते वीसच्या आत आले. पक्ष्यांच्या जाती पन्नासच्या आत मोजल्या गेल्या होत्या, त्या दोनशेच्या वर गेल्या.

पाहुण्यांना समजावण्यासाठी रँचवर एक साधं यंत्र आहे. वरून कृत्रिम पाऊस पाडायचा, खाली शेजारी-शेजारी दोन तबकं, एकात गवताचं ढेकूळ, दुसऱ्यात सीडरखालची उघडी जमीन. उघड्या तबकावरून गढूळ पाणी बाजूनं वाहून जातं. गवताच्या तबकाच्या तळातून नितळ पाणी टपकतं. शाळेतल्या पोरालाही कळतं. व्याख्यानापेक्षा हे बरं.

पाणी कोणी प्यायलं?

इथवरची गोष्ट टेक्ससात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचं एक सूत्र झालं: सीडर पाणी पितं, सीडर तोडा, झरे येतील. त्या सूत्रावर सरकारी अनुदानं निघाली, कंत्राटदार उभे राहिले. इथे मात्र थोडं थांबायला हवं. रँचचं नावच तसं आहे.

सीडर पाऊस अडवतं हे खरं. त्याचा पानोळा आणि खालचा पालापाचोळा मिळून वर्षाच्या पावसापैकी सुमारे ४० टक्के पाणी जमिनीला लागण्याआधीच वाफ होऊन जातं, असं मोजमाप झालेलं आहे. रिमझिम पावसात जवळजवळ सगळंच, मोठ्या पावसात थोडं. पण टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे जलशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड विल्कॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली एडवर्ड्स पठारावरच्या (हिल कंट्री याच पठाराचा भाग) नद्यांच्या जुन्या नोंदी काढून दाखवलं, की विसाव्या शतकात झाडोरा वाढत असतानाच नद्यांना झऱ्यांतून मिळणारं पाणी कमी न होता साधारण दुप्पट झालं. हे उलटंच झालं! कारण त्यांनी दिलं ते असं: शतकाच्या सुरुवातीला जनावरांची गर्दी अफाट होती, जमीन तुडवून घट्ट झाली होती, पाणी मुरतच नव्हतं. पुढे जनावरं कमी झाली. जमीन सैल झाली. त्यावर गवत आलं की सीडर आलं, हा नंतरचा प्रश्न.

म्हणून सेलाहच्या झऱ्यांचं श्रेय एकट्या बुलडोझरला देणं मला पटत नाही. तिथे एकाच वेळी तीन गोष्टी झाल्या: सीडर गेलं, गवत आलं, तोंडं कमी झाली. सीडर काढून पुन्हा शेळ्या सोडणाऱ्या शेजाऱ्याला झरा मिळत नाही. त्याला पाच-सात वर्षांत नवं सीडर मिळतं. आणि सगळं सीडर काढायचंही नसतं. गोल्डन-चीक्ड वॉर्बलर नावाचा सोनेरी गालांचा चिमुकला पक्षी फक्त मध्य टेक्ससात वीण घालतो आणि घरटं बांधायला म्हाताऱ्या सीडरच्या सालीच्या लांब पट्ट्या वापरतो. १९९० पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे तीव्र उतारांवरची आणि घळींतली जुनी झाडं ठेवायची आणि पठारावरची तरणी गर्दी काढायची, ही तिथली शहाणी रीत.

हरणांचा हिशेब

मी वर ‘तोंडं कमी झाली’ म्हटलं. गाईंची तोंडं मालकाच्या हातात असतात. हरणांची नसतात, आणि या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. आपल्या चितळ-सांबरासारखं सारंगकुळातलं. नराची शिंगं भरीव, दरवर्षी गळून नवी येणारी. हिल कंट्रीत त्याची वस्ती अमेरिकेतल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्ससात हरीण दुर्मीळ झालं होतं. ते परत वाढलं त्यात एका माशीचा हात आहे. स्क्रूवर्म नावाची माशी ओल्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाची नाळ ही तिची आवडती जागा. १९६२ पासून टेक्ससातल्या मिशन गावच्या कारखान्यात किरणोत्सर्गानं वांझ केलेल्या माश्या कोट्यवधींनी तयार करून विमानांतून सोडल्या गेल्या आणि त्या दशकात माशी हटली. गुरं वाचली, तशी पाडसंही वाचली. लांडगे आधीच मारून संपवले होते. उरलं काय? हरीण आणि त्याच्यापुढचं झाड.

पांढरशेपट्या हरणाला आपण गवत खाणारं जनावर समजलो तर सगळा हिशेब चुकतो. त्याच्या आहारात गवत अगदी थोडं, तेही कोवळं असेल तेव्हा. त्याचं तोंड अरुंद, कोठा लहान. त्याला हवा असतो रुंद पानांचा रानपाला, झुडपांचे शेंडे, ओकची फळं. म्हणजे गायीसाठी कुरण उत्तम झालं तरी हरीण उपाशी असू शकतं, आणि शेळी मात्र हरणाच्याच ताटात जेवते. सेलाहवर सुरुवातीला हरणं होती, पण अंगानं खुजी. पाडसं कमी जगत. जमीन सुधारली तशी त्यांची अंगं भरली.

त्यात एक सापळा आहे. चारा वाढला की हरणं वाढतात, आणि वाढलेली हरणं आधी काय खातात? जे सगळ्यात गोड ते. टेक्सस रेड ओकचं रोप, रानचेरी, किडनीवूड. तिथले वनाधिकारी या झाडांना गमतीनं ‘आइस्क्रीम झाडं’ म्हणतात. पोरं जेवणाआधी आइस्क्रीम संपवतात, तसं. दाट हरणांच्या रानात चाललात तर साधारण दीड मीटर उंचीवर कुणी कात्रीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. त्या रेघेखाली हिरवं पान नाही. वर जुने ओक डौलात उभे असतात, पाहुणा म्हणतो, वा, काय वनश्री! पण खाली एकही पोर नाही. म्हाताऱ्यांचं गाव आहे ते. आणि ज्याला कोणी तोंड लावत नाही असं एक झाड त्या मोकळ्या जागेत खुशाल वाढतं. सीडर. म्हणजे हरणांना मोकळं सोडलं तर बुलडोझरनं केलेलं काम हरणं वीस-तीस वर्षांत पुसून टाकतात.

म्हणून मारावं लागतं. हे मराठीत लिहिताना जड जातं, कारण आपल्याकडे हरीण म्हटलं की कायदा, आश्रम आणि सीतेचा हट्ट एकदम आठवतात. पण लांडगा नसलेल्या रानात लांडग्याचं काम कुणीतरी करायचं असतं. टेक्ससात हरीण राज्याच्या जनतेचं असतं, जमीन मालकाची. हरणावर मालकी नाही, पण हरणापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आहे. म्हणून शिकारी जमीनमालकाला हंगामाचे पैसे भरतात आणि कित्येक रँचना गुरांपेक्षा या शिकारपट्ट्याचं उत्पन्न जास्त असतं. सेलाहवरही शिकार हा व्यवस्थापनाचाच भाग. गोची अशी, की पैसे देणाऱ्याला भिंतीवर लावायला मोठ्या शिंगांचा नर हवा असतो आणि जमिनीला हवी असते मादी कमी व्हायला. दहा नर मारून पुढच्या वर्षीच्या पाडसांत काही फरक पडत नाही. त्यामुळे आधी मोजणी: उन्हाळ्याच्या शेवटी ठरलेल्या रस्त्यावरून रात्री हळू गाडी चालवत दोन्ही बाजूंना झोत टाकायचा, चमकणारे डोळे मोजायचे, नर-मादी-पाडस वेगळे लिहायचे. पुन्हा दुसऱ्या, तिसऱ्या रात्री तोच रस्ता. त्यावरून किती माद्या मारायच्या ते ठरतं.

टेक्ससात घराघरांतून मक्याचे फीडर टांगलेले दिसतात. ठरल्या वेळी दाणे उधळणारे पिंप. हरणांना जगवण्याचा हा प्रेमळ मार्ग वाटतो. पण मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, वाढत्या हरणाला लागतात सोळाच्या आसपास. आणि मका खाऊन धष्टपुष्ट राहिलेलं हरीण आइस्क्रीम झाड खायचं सोडत नाही. आजारी माणसाला रोज बुंदीचा लाडू द्यावा, तसली ही सेवा.

आपल्याकडून गेलेली पाहुणी

या हिशेबात आणखी एक गडी आहे, आणि तो आपल्याकडचा आहे. १९३२ च्या सुमारास टेक्ससातल्या हौशी रँचवाल्यांनी चितळ आणि काळवीट आणले; नीलगाय दक्षिण टेक्ससात त्याच काळात आली. शिकारीसाठी, शोभेसाठी. कुंपणं तुटली, जनावरं बाहेर पडली, आणि आज हिल कंट्रीच्या रस्त्याकडेला संध्याकाळी चितळांचे कळप दिसतात. ऑस्टिन, सॅन अँटोनियोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना ते पाहून पेंच-ताडोबाची आठवण येत असणार. तिथल्या कायद्यात मात्र चितळ हे वन्यजीवच नाही. परदेशी पशुधन. शिकारीला बंद हंगाम नाही, मांस उघड विकता येतं.

पांढरशेपट्याच्या दृष्टीनं चितळ वाईट शेजारी. दोघांनाही रानपाला आवडतो. पण तो संपला की चितळ गवतावर भागवतं, पांढरशेपट्याला ते जमत नाही. दुसऱ्या एका परदेशी हरणावर याची चाचणीही झाली. केर वन्यजीव क्षेत्रात १९७१ साली ९६ एकरांच्या बंद कुंपणात सहा पांढरशेपटे आणि सहा जपानी सिका हरणं सोडली. दशक सरेपर्यंत सिका साठीच्या पुढे गेली होती आणि पांढरशेपट्यांतलं एकही उरलं नव्हतं. कुणी कुणाला मारलं नाही. फक्त ताट एकच होतं.

गवताचीही तीच कथा. आपल्याकडे वैरणीसाठी मुद्दाम लावतात ते मारवेल दक्षिण टेक्ससात ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ या नावानं पसरलं आहे आणि मूळ गवतप्रेमी त्याच्या नावानं बोटं मोडतात. हिल कंट्रीत त्याचं भावंड, ‘किंग रँच ब्लूस्टेम’, रस्त्याच्या कडेनं आत शिरतं. गुरं ते खातात, माती धरून ठेवायलाही ते बरं. म्हणून एकेकाळी सरकारी सल्ल्यानंच पेरलं गेलं. पण ते जिथे जमतं तिथे रुंद पानांचा पाला हटतो, आणि पाला हटला की हरणाचं ताट रिकामं.

पैसा

आता चिकनच्या पैशाकडे. बुलडोझर, बी, मजूर आणि काही वर्षं गुरं न चारण्याचा तोटा, हे सगळं पेलायला बॅम्बर्गर यांच्याकडे बाहेरून आलेली मिळकत होती. त्यांनी रँचवर वटवाघळांसाठी काँक्रीटची कृत्रिम गुहासुद्धा बांधली. ती कित्येक वर्षं रिकामी राहिली, लोक हसले, मग वटवाघळं आली. आफ्रिकेच्या वाळवंटातलं तलवारशिंगी ओरिक्स नावाचं कुरंग रानातून नामशेष होत चाललं होतं तेव्हा त्याचे कळप त्यांनी सांभाळले. असली चैन सगळ्यांना परवडत नाही, आणि सेलाहची गोष्ट सांगणारे हा भाग पटकन उरकतात.

साध्या जमीनमालकाच्या हाती जे आलं ते १९९५ च्या नोव्हेंबरात. टेक्ससच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली: शेतीच्या सवलतीच्या दरानं करआकारणी होत असलेली जमीन वन्यजीव व्यवस्थापनाखाली आणली तरी सवलत टिकेल. त्याआधी गुरं काढली की कर बाजारभावानं बसायचा, म्हणून लोक केवळ करासाठी थकलेल्या जमिनीवर गाई ठेवत. नव्या नियमात सात कामांपैकी किमान तीन दरवर्षी करायची असतात: अधिवास सुधारणं, धूप रोखणं, भक्षकांवर नियंत्रण, पाण्याची सोय, पूरक खाद्य, निवारा, आणि मोजणी. यात पळवाटा आहेत. चार घरटी टांगून, एक हौद ठेवून, एकदा मोजून मोकळा होणारा माणूस तिकडेही आहेच. पण गाय न ठेवण्याची मुभा मिळाली, ही छोटी गोष्ट नाही.

सेलाहची जमीन आता कुटुंबाच्या हातात वाटली जाणार नाही. ती एका ना-नफा संस्थेकडे आहे आणि ठरावीक दिवशी नोंदणी करून लोकांना बघता येते. पन्नास वर्षांनंतरही तिथलं काम संपलेलं नाही. ओकला बुरशीचा रोग आहे. लाइव्ह ओकच्या मुळ्या जमिनीखाली एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एक झाड गेलं की शेजारचं जातं, म्हणून फेब्रुवारी ते जून छाटणी करायची नाही आणि जखमेला लगेच रंग लावायचा. रेड ओकची नवी रोपं हरणांच्या तोंडापासून वाचवायला जाळीचे पिंजरे लावावे लागतात, आणि शेंडा हरणाच्या मानेच्या वर गेल्याशिवाय पिंजरा काढता येत नाही.

आणि सीडर येतच राहतं. हिवाळ्यात स्थलांतर करून आलेले रॉबिन आणि वॅक्सविंग त्याची निळी फळं खातात आणि ओकच्या फांदीवर बसून खाली बी टाकतात. सुदैवानं अ‍ॅश जुनिपरला फुटवा येत नाही. सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापलं की ते संपलं. रोप वीतभर असतानाच गाठलं तर बुलडोझर लागत नाही, कातर पुरते. दर हिवाळ्यात कुणीतरी ती कातर घेऊन ओकच्या सावलीत वाकतं.